आधी मला वाढलंत, वन्सं

वन्सं, काल तुमचा तेरावा झाला. आज सकाळच्या गाडीनं तुमचे भाऊ मुंबईला गेले, पोरं शाळेत गेली आणि घरात मी एकटीच उरले. तेवढ्यात शेजारच्या तानूबाई विरजण मागायला आल्या. माझे सुजलेले डोळे बघून म्हणाल्या, "अगं बया, नणंदंसाठी कुनी येवढं रडतं व्हय? सासूला बी येवढी रडली न्हवतीस तू."

मी त्यांच्या वाटीत विरजण घातलं. काय सांगणार? जात्यावर बसून बायका सगळ्यांचं गातात, भावाचं, आईचं, कधी दिराचंही. पण नणंदेला कुणी गोड म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. मीही म्हटलं नव्हतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमची होडी धरणापलीकडच्या तुमच्या सासरच्या काठावरून निघालेली दिसली की मी अंगणातून आत पळायची.

पहिल्या दिवाळीचं आठवतंय? तुम्ही आलात, कोंबडीची पाटी अंगणात टेकवलीत, पायही न धुता चुलीपाशी येऊन माझ्या परातीत डोकावलात. मी नाचणीची भाकरी थापत होते. माहेरी मी धाकटी, वडील माले गावच्या शाळेत मास्तर, त्यामुळं हातात पुस्तक जास्त आणि पीठ कमी. तुम्ही म्हणालात, "मास्तरची लेक हाय खरी. भाकर बी पाटीवानी चौकोनी थापती." सगळं घर हसलं. मी गोठ्यात जाऊन रडले आणि मनाशी ठरवलं की या बाईशी आपलं जन्मात जमायचं नाही.

तुमच्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच तुमचं कुंकू पुसलं गेलं होतं. मूलबाळ नव्हतं. तरी सासर सोडलं नव्हतंत. दिराच्या बरोबरीनं खाचरात उतरायचात, बैल हाकायचात, आणि समोर कोण आहे ते न बघता तोंडावर बोलायचात. तुमचे भाऊ मुंबईत डबे पोचवणारा दांडगा गडी, पण तुमच्यापुढं मान खाली. "आक्का म्हनल ते," एवढंच म्हणायचे.

मग आत्याबाईंचं, तुमच्या आईचं, सुरू झालं.

सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही. आमटीत मीठ दोनदा पडायचं. कोंबड्या कोंडल्या की नाही ते पुन्हा पुन्हा उठून बघायच्या. मला एकदा तुमच्या नावानं हाक मारायच्या, एकदा त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या. म्हाताऱ्या माणसाचं असं होतंच म्हणून मी सोडून द्यायची. मग एके दिवशी उन्हं कलल्यावर त्या लुगड्याचं गाठोडं बांधून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"मी जाती आता. माजी ढोरं वाट बघत असतील."

"आत्याबाई, कुठं जाता? हेच आपलं घर."

"ह्ये? ह्ये कुनाचं हाय द्येव जाणं. आन् तू कोन?"

"मी इंदू. तुमची सून."

त्यांनी मला खालवर पाहिलं. "माजा ल्योक अजून पाळण्यात हाय. मला सून कुटनं आली?"

त्यांना जायचं होतं ते गाव धरणात गेलेलं. पाणी चढलं तेव्हा तुम्ही परकरी पोर होतात आणि तुमचे भाऊ खरंच पाळण्यात होते. मामंजींनी वर टेकडीच्या कुशीत हे घर उभं केलं आणि आत्याबाईंनी या घरात सगळा संसार केला. सुनेला, आल्या-गेल्यांना त्या खालचं गाव कधी बोलूनसुद्धा दाखवत नसत. आणि आता म्हातारपणी त्यांच्या डोक्यातून हे घर पुसलं गेलं आणि ते गाव तेवढं राहिलं. रोज दुपार कलली की त्यांना तिथं जायचं असायचं. तीच वाट धरायच्या आणि थेट पाण्याकडं निघायच्या.

मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. मी खरं सांगितलं. वडिलांनी शिकवलं होतं की समोरचं माणूस म्हातारं असो की लहान, खोटं बोलू नये. मी म्हणायची, "आत्याबाई, ते गाव पाण्यात गेलं. आता तिथं काही नाही." आणि त्या बातमी आत्ताच आल्यासारख्या मटकन खाली बसायच्या. एकेका घराचं नाव घेऊन ऊर बडवायच्या. कुणाची म्हस, कुणाचं जातं, देवळातली घंटा. दमून झोपायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडं, पुन्हा उंबरा, पुन्हा तीच बातमी.

पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि वयाचं दुखणं आहे, सांभाळा, म्हणाले. सांभाळायला मी एकटी. कमळ पाच वर्षांची, धाकटा अंगावर पिता. तुमचे भाऊ मुंबईत. आत्याबाई उठून जातील म्हणून मी त्यांच्या लुगड्याला माझ्या पदराची गाठ मारून निजायची. त्या कूस वळल्या की मला जाग. त्यांना आंघोळ घालताना त्या चावायच्या. विहिरीवर जाऊन सांगायच्या की एक बाई माझ्या घरात घुसलीय, तिनं माझ्या पाटल्या चोरल्या. पाटल्या तर मामंजींच्या आजारपणातच मोडल्या होत्या. पण ऐकणाऱ्या बायका माझ्या हातांकडं बघायच्या.

मी वेणी घालायची सोडली. जेवण म्हणजे पोरांच्या ताटात उरलेलं. दूध आटलं. कधीकधी एकटीच हसायची आणि हसू कशाचं ते मला कळायचं नाही. आणि मग एका दुपारी कमळ माझ्यापुढं उभी राहून काहीतरी मागत होती, तिचे ओठ हलताना मला दिसत होते, आणि मला तिचं नाव आठवेना. माझ्या पोटच्या पोरीचं नाव. मी तिला म्हटलं, "जा, तानूबाईकडं जा, धाकट्याला घेऊन जा." ती घाबरून पळाली. मी आत्याबाईंना आत ठेवून बाहेरून कडी घातली आणि अंगणात उन्हात बसून राहिले.

शिमग्याच्या तोंडावरचे दिवस होते. तुम्ही पाटीत नवे तांदूळ घेऊन त्याच दिवशी यावंत हा देवाचा कौल म्हणायचा, दुसरं काय. अंगणात तुमची सावली पडली तेव्हा तुमची आई आतून दार बडवत होती. "सोडा गं मला, माजी ढोरं बांदायची हायेत." मी वर बघितलं. वाटलं, आता ही बाई माझ्या मुस्काटात देणार. आणि खरं सांगते वन्सं, दिली असतीत तरी मला चाललं असतं. निदान काहीतरी झालं असतं.

तुम्ही पाटी खाली ठेवलीत. माझी हनुवटी धरून तोंड वर केलंत आणि विचारलंत, "कवा जेवलीस?"

मला आठवतच नव्हतं.

तुम्ही कडी काढलीत. आत्याबाई तुमच्या अंगावर धावल्या, तुम्हाला ओळखलं नाही त्यांनी. तुम्ही त्यांना बाजूला धरलंत, "आये, वाईच थांब," म्हणालात, आणि मला दंडाला धरून चुलीपाशी नेऊन बसवलंत. सकाळचा भात होता. त्यात ताक घातलंत, मीठ घातलंत, कालवलंत आणि घास माझ्या तोंडाशी आणलात. लहान पोराला भरवतात तसा. आत्याबाई मागून तुमची चोळी ओढत होत्या, "ह्या बाईला हाकल आदी. चोर हाय ती."

"व्हय, हाकलू," तुम्ही म्हणालात. "आदी जेवू दे तिला."

इतक्या दिवसांनी आलेली लेक. आई समोर उभी. आणि तुम्ही आधी मला वाढलंत. तानूबाईंना हे कसं सांगू?

मी जेवले आणि तिथंच जमिनीवर आडवी झाले. जाग आली ती दुसऱ्या दिवशी, ऊन अंगणभर झाल्यावर. डोक्याखाली तुमचं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. बाहेर तानूबाई तुम्हाला समजावत होत्या की इंदूला बाहेरचं लागलंय, एकटी हसती, देवऋषीला बोलावून अंगारा लावा, लिंबू उतरवा. तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणालात, "हिला भूत न्हाई लागल्यालं, तानूबाई. हिला झोप न्हाई लागल्याली."

मी पांघरुणातून ते ऐकलं आणि किती तरी दिवसांनी मला हसू आलं. या वेळी कशाचं ते मला ठाऊक होतं.

तुम्ही होळीनंतर एकदा पलीकडं जाऊन आलात ते दोन शेळ्या आणि तुमची वाकळ घेऊनच. तिकडं तुमच्या दिरानं तोंड वाकडं केलं असणार. तुम्ही काय सांगितलंत ते मला कधी कळलं नाही. तुमचे भाऊ आले तेव्हा मात्र मी दाराआड होते. ते म्हणत होते की मी मुंबई सोडतो. तुम्ही म्हणालात, "तू हितं येऊन काय करशील? आयेला तुज्याच्यानं न्हानं घालवंल व्हय? मी ऱ्हाती. पर ध्यानात ठेव, आये आजारी हाय ती दिसती तरी. इंदी आजारी पडली तर कुनाला दिसनार न्हाई." तुमच्या तोंडून माझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तोवर मी "मास्तरची लेक"च होते.

आणि मग सुरू झाली आपली भांडणं. अहाहा, काय भांडलो वन्सं आपण!

पहिलं भांडण दुपारचं. तुमचा हुकूम होता की दुपारी भांडी झाली की मी घराबाहेर पडायचं. मला वाटलं धुणं घेऊन जावं. तुम्ही धुण्याची बादली काढून घेतलीत. मग मी खुरपं घेतलं. तेही काढून घेतलंत.

"हात रिकामं घिऊन जायाचं."

"आणि करायचं काय?"

"काय बी करू नको."

"लोक काय म्हणतील? सासू आजारी आणि सून हिंडतीय."

"त्या लोकांनला म्हनावं, या, वाईच बसा आमच्या म्हातारीपाशी. कोन येतंय बगू."

मी टेकडीवरच्या जांभळीखाली जाऊन बसले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळेना. मांडीवर ठेवले, जमिनीवर ठेवले, गवत उपटलं. जीव सगळा घरात. थोड्याच वेळात उठून आले तर तुम्ही दारातच. "आत्ता तर गेलीस! जा माघारी," म्हणालात आणि माझ्या तोंडावर दार लावलंत. माझ्या स्वतःच्या घराचं दार! मी रागानं परत गेले आणि रागारागात जांभळीला टेकून झोपले. पुढं पुढं त्या दुपारी मला लागायला लागल्या. वडिलांकडून आणलेलं एखादं पुस्तक न्यायची. कधी काहीच नाही, नुसती धरणाच्या पाण्यावरची होडी बघायची. घरी आले की आत्याबाईंनी मला चोर म्हटलं तरी ते मला टोचायचं नाही. ते शब्द तेच होते. पण आता मी जेवलेली होते, झोपलेली होते आणि घटकाभर कुणाचीच कुणी नसलेली होते.

दुसरं भांडण मोठं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

आत्याबाई गाठोडं घेऊन उंबऱ्यात आल्या की तुम्ही म्हणायचात, "चल आये, जाऊ. मला वाट ठावं न्हाई, तू दाव." आणि दोघी हातात हात घालून खाचरांच्या बांधावरून निघायचात. त्या सांगायच्या, हितं चिंच हाय, हितं ओढा लागंल, पाय जपून टाक. तुम्ही नसलेल्या ओढ्यात पाय जपून टाकायचात. असा सगळा मळा फिरून झाला की त्यांचे पाय दुखायचे आणि त्या म्हणायच्या, "आता उद्या जाऊ गं, लांब हाय." आणि शांतपणे या घरात येऊन भाकरी खायच्या.

मी एकदा म्हटलं, "वन्सं, तुम्ही त्यांना फसवताय. नसलेल्या गावाला नेताय."

तुम्ही शेळीला पाला घालत होतात. पाला तसाच हातात. "गाव येकदा बुडालं, त्येवढं पुरं झालं. तू रोज कशाला बुडवतीस?"

मला पटलं नाही. मी म्हणायची की माणसाला खरं कळायचा हक्क असतो, मग ते दुखलं तरी. तुम्ही म्हणायचात, ज्याला खरं धरून ठेवता येत नाही त्याच्या हातात ते कशाला द्यायचं. आत्याबाई गेल्यावरही आपण दोघी भात कांडताना यावरून भांडलोय. मी वडिलांचे दाखले द्यायची, तुम्ही शेळ्यांचे. आज तुम्ही नाही म्हणून मी तुमचं सगळं मान्य करते असं समजू नका. अर्धं मान्य करते.

कारण तुम्हीही चुकलात ना. त्या वैशाखाची गोष्ट.

त्या वर्षी धरणाचं पाणी खूप मागं सरलं. लोक सांगत आले की जुन्या गावातल्या घरांची जोती उघडी पडलीत, देवळाची पायरी दिसतीय. तुमचा चेहरा कसा उजळला होता! "आयेला नेती," म्हणालात. "येकदा डोळ्यांनी बघंल, पाय टेकवंल, मन शांत हुईल तिचं." मी नको म्हटलं. तुम्ही ऐकता होय? कमळला तानूबाईंकडं ठेवलं, धाकट्याला मी कडेवर घेतलं आणि आपण तिघी खाली उतरलो.

सगळीकडं भेगाळलेला चिखल. वाळक्या खोडांचे बुंधे. मधूनच दगडाची एकेक रांग, म्हणजे कुणाचं तरी घर. तुम्ही धावत पुढं गेलात. धावत, वन्सं! चाळिशीची बाई परकरी पोरीसारखी. एका जोत्यापाशी थांबून हाका मारायला लागलात, "आये, ह्ये बग, आपली पडवी! हितं जातं हुतं, बग!" आत्याबाईंना धरून आणलंत आणि जोत्यावर बसवलंत.

त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मातीवर हात फिरवला. मग म्हणाल्या, "ह्ये न्हवं. माज्या गावात लई झाडं हायेत. हितं तर समदा चिखूल हाय. चल, मला घरला ने."

तुम्ही त्यांच्यापुढं चिखलात बसलात आणि रडायला लागलात. मी तुम्हाला रडताना कधीच पाहिलं नव्हतं. मला वाटायचं तुम्हाला ते येतच नाही. पडवीत खेळलेली पोर, आईचं बोट धरून निघालेली पोर, ती इतकी वर्षं तुमच्यात होती आणि तिला एकदा आईबरोबर घरी जायचं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. आत्याबाईंच्या नावावर तुम्ही स्वतःलाच घेऊन आला होतात.

आत्याबाई तुमच्याकडं बघत राहिल्या. मग पुढं वाकल्या, पदरानं तुमचे डोळे पुसले. इतक्या मायेनं मी त्यांना कुणाशी बोलताना ऐकलं नव्हतं.

"कुनाची गं पोर तू? रडू नको. वाट चुकलीस व्हय? हितं माज्यापाशी बस. तुजी आय येईल आता."

तुम्ही त्यांच्या मांडीत डोकं घातलंत. त्या थोपटत राहिल्या. मी धाकट्याला घेऊन जरा लांब जाऊन उभी राहिले. तुमच्या आईनं तुम्हाला ओळखलं नाही, पण आई होणं ती विसरली नव्हती. घरी येऊन मी तुमच्या पायांवर ऊन पाणी घातलं, वाळलेला चिखल धुतला. तुम्ही धुऊ दिलात. आपल्यातलं नणंद-भावजयपण बहुतेक त्या पाण्याबरोबर वाहून गेलं.

आत्याबाई पुढच्या वर्षी गेल्या. शांतपणे, पेज पिता पिता. आलेल्या बायका मला म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." मला तो शब्द चाबकासारखा लागला. लागला कारण खरा होता. त्या रात्री मी कुठलीही गाठ न मारता झोपले होते आणि सकाळी अंग हलकं वाटलं होतं. मला त्याची लाज वाटत होती. तुम्हाला ते न सांगताच कळलं. शेणगोठा करता करता म्हणालात, "सुटलो म्हन की. त्यात काय? ती बी सुटली, आपुन बी सुटलो. सुटल्यावर रडायचं न्हाई आसं कुनी सांगितलंय?"

मग मी रडले. हलकी होऊन रडले. किती बरं वाटलं, वन्सं, एकाच वेळी दोन्ही करता येतं हे कळल्यावर.

पण तुम्ही मात्र रडला नाहीत. दहावं, तेरावं, सगळं तुम्हीच उरकलंत. आणि मग दुपार कलली की तुम्ही उंबऱ्यात जाऊन उभ्या राहायला लागलात. हात जरासा पुढं धरून, कुणीतरी धरावा तसा. ताटावर बसायचात आणि भाकरीचा तुकडा बोटांनी चुरत राहायचात. मला माझे दिवस आठवले. ओळखीचीच वाट होती ती.

एके दिवशी मी तुमचा तो हात धरला. "चला वन्सं."

"कुटं?"

"तुमच्या गावाला. मला वाट ठाऊक नाही, तुम्ही दाखवा."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला भीती वाटली. मग चालायला लागलात. बांधावरून जाता जाता म्हणालात, हितं चिंच हुती, आमी पोरी आकडं पाडायचो. मग ओढा. मग देऊळ. मग एकेका घरातलं माणूस, त्याचं बोलणं, त्याची खोड. आत्याबाईंनी कधी सांगितलं नव्हतं ते सगळं. तुमच्या घराच्या दारापाशी आलात, म्हणजे आपल्या खालच्या खाचराच्या कोपऱ्याला, आणि तिथं बसून तुम्ही रडलात. मी "गप्प बसा" म्हटलं नाही. आपण बऱ्याच दुपारी तशा गेलो. एक दिवस तुम्हीच म्हणालात, "आज नगं. आज शेंगा फोडायच्या हायेत." मला कळलं, तुम्ही परत आलात.

त्यानंतर तुम्ही पलीकडं राहायला कधी गेला नाहीत. मी जा म्हटलं नाही, तुम्ही राहते म्हटलं नाहीत. शेळ्या वाढल्या. धाकटा तुमच्या पाठीवर मोठा झाला. कमळ शिकायला पौडला जाऊ लागली तेव्हा गावानं नावं ठेवली, तर तुम्ही गाडीच्या थांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालत जाऊन ज्याला बोलायचं त्यानं माझ्याशी बोलावं अशा उभ्या राहायचात. कुणी बोललं नाही.

आता शेवटचं भांडण. हे मी सोडणार नाही.

माघात माझ्या भाचीचं लग्न माल्याला. तुम्हाला बारीक ताप आणि खोकला. मी म्हटलं मी जात नाही. तुम्ही म्हणालात, "खोकल्याची काय राखन करत बसतीस? जा, मांडवात मिरीव वाईच." तुमचे भाऊ रजेवर आले होते, तेही म्हणाले, मी आहे आक्कापाशी. मी गेले. इकडं ताप छातीत उतरला. पौडहून डॉक्टर आणले, सुई दिली. तुमचे भाऊ मला निरोप धाडायला निघाले तर तुम्ही त्यांचा हात धरलात. "लगीन लागू दे. मांडवातनं मानूस उठवू नये." त्यांनी तरी दुसऱ्या सकाळी माणूस पाठवलाच. मी धावत आले. अंगणात माणसं बसलेली बघितली आणि मला कळलं.

का, वन्सं? माझ्या तोंडात तुम्ही घास घातलात. तुमच्या तोंडात पाण्याचा घोट घालायला मला का ठेवलं नाहीत? मी तुमच्या उशाशी बसले असते, तुमची पाठ शेकली असती. मला ते येत होतं. तुम्हीच शिकवलं होतंत. माझ्यावर पुन्हा कुणाच्या दुखण्याचा भार नको असं तुमच्या मनात आलं असेल, तर मी तुम्हाला सांगते, तुम्ही भार झाला नसतात. हे तोंडावर सांगायचं राहिलं. तेरा दिवस गोठ्यात, विहिरीवर, चुलीपाशी मी तुमच्याशी यावरूनच भांडतेय. तुमचे भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करतात. काल म्हणाले, "भांड. तिला आवडायचं ते." आणि तेच रडायला लागले.

सगळं गाव म्हणतंय, येसूबाईनं आईची सेवा केली. खरंच आहे ते. पण माझ्यासाठी जे केलंत ते कुणाला दिसलं नाही, कारण ज्यातून तुम्ही मला बाहेर काढलंत ते दुखणंच कुणाला दिसलं नव्हतं. आपल्याकडं घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नाही. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, मास्तरची लेक पुस्तकातलं बोलाया लागली. म्हणून तुम्ही होतात तोवर मी ते गिळलं. आता बोलते. मला दोन लेकरांची आई राहू दिलंत. माझ्या नवऱ्याला परत यायला घर राहू दिलंत. आणि म्हाताऱ्या, भ्रमिष्ट सासूवर मी शेवटी माया करू शकले, तीही तुमच्यामुळं. थकून मेलेल्या माणसाच्यानं माया होत नाही.

तानूबाई गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले. मग तिथंच डोळा लागला. आत्ता उठले तर ऊन मागच्या परसात गेलंय. गाभण शेळी आज दावणीला सारखी फिरतीय, रातोरात विईल असं वाटतं. तिच्यासाठी वाळकं गवत पसरून ठेवलंय. पोरं भुकेली येतील, पिठलं टाकायचंय. मीही त्यांच्याबरोबर जेवीन.

मी बरी आहे, वन्सं.